बँडनाही नाट्यगृहाच्या तारखा द्या

स्वतःची गाणी करणाऱ्या एखाद्या बँडला विचारा, नवं गाणं कधी येतंय? उत्तरात गाण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या कामांचीच यादी जास्त ऐकायला मिळेल. मिक्सिंग-मास्टरिंग उरकलं की गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे फाइल चढवायची, तीही तीन-चार आठवडे आधी, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांपर्यंत गाणं किमान सात दिवस अगोदर पोचावं लागतं. मग कव्हरचं चित्र, गाणं यायच्या आधीच श्रोत्याने जतन करून ठेवावं म्हणून प्री-सेव्हची लिंक, शब्द दाखवणारा व्हिडिओ. बास वाजवणारा कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवतोय असं एक रील, ड्रमरने जॅमपॅडमध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, चहा सांडल्याचं दुसरं. गाणं शुक्रवारी येतं. सोमवारी आकडे बघून सगळे गप्प. पुढच्या महिन्यात पुन्हा हेच, कारण अल्गोरिदमला सातत्य लागतं असं कुणीतरी यूट्यूबवर ठामपणे सांगितलेलं असतं.

या धावपळीला आपण कौतुकाने स्वतंत्र कलाकारांचा सुवर्णकाळ वगैरे म्हणतो. माझं म्हणणं वेगळं आहे. तंत्रज्ञानाने बँडची रेकॉर्डिंगची आणि वितरणाची अडचण खरोखर सोडवली. प्रसिद्धीची सोडवली नाही, ती बँडच्याच गळ्यात मारली. आणि मराठीत गाणाऱ्या बँडचं मुख्य दुखणं तर फोनमध्ये नाहीच. त्यांना वाजवायला जागा नाही. ती जागा महाराष्ट्राच्या शहराशहरांत बांधून तयार आहे. तिला आपण नाट्यगृह म्हणतो.

जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचं मात्र काही कारण नाही. कॅसेट कंपन्यांच्या राज्यात नवख्याला स्टुडिओचं दारसुद्धा दिसत नसे. १९८४ साली गोव्यात गायक-संगीतकार रेमो फर्नांडिसने शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम स्वतः ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेट स्कूटरवर टाकून दुकानादुकानांत स्वतःच पोचवल्या. ही गोष्ट आजही सांगितली जाते, कारण तेव्हा ती अपवाद होती. आज लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि बरा माइक एवढ्यावर अकोल्यातला मुलगा तेच करतो, आणि वर्षाकाठी काही हजार रुपयांत त्याची गाणी जगभरच्या सेवांवर चढतात. कायदाही थोडा बाजूने झुकला. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देऊन मोकळं होता येत नाही. मालकी स्वतःकडे ठेवणारा आजचा बँड आधीच्या पिढ्यांपेक्षा नक्कीच बऱ्या स्थितीत आहे. हे नाकारणाऱ्यांना त्या पिढ्यांनी सह्या केलेले करार दाखवावेत.

पण दार सगळ्यांना उघडलं की दारात गर्दी होते. स्ट्रीमिंग सेवांवर रोज चढणाऱ्या नव्या गाण्यांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे. गर्दीचं व्यवस्थापन करणारा मग हळूहळू मालक होतो. स्पॉटिफायने २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर केलं आणि २०२४पासून लागू केलं, की ज्या गाण्याला गेल्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम मिळालेले नाहीत, त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी द्यायची नाही. अशा गाण्याचे पैसे होतात तरी किती, असं कंपनी म्हणते आणि ते खरंच आहे, रक्कम चिल्लर असते. प्रश्न चिल्लरीचा नाही. ती चिल्लर गोळा होऊन ज्यांची गाणी आधीच चालतात त्यांच्या वाट्यात जाते, हा आहे. याच कंपनीची ‘डिस्कव्हरी मोड’ नावाची सोय आहे. तुमचं गाणं आम्ही श्रोत्यांपुढे जरा जास्त सरकवू, आगाऊ पैसे नकोत, पण त्या मार्गाने जे स्ट्रीम होतील त्यांच्या रॉयल्टीतले तीस टक्के आम्ही ठेवू. रेडिओवर गाणं वाजावं म्हणून गुपचूप दिलेले पैसे अमेरिकेत १९६०पासून गुन्हा आहेत. इथे गुपचूप काही नाही, सगळं अटी-शर्तींत लिहिलेलं आहे. फक्त ऐकणाऱ्याला आपल्यापुढे आलेलं गाणं कुठल्या सवलतीतून आलं ते कळत नाही.

त्यातही ‘बँड’ या प्रकाराला हे गणित सर्वात महाग पडतं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. एकटा गायक आणि घरी बीट्स बनवणारा एक निर्माता, ही जोडी आजच्या व्यवस्थेला अगदी सोयीची आहे. चेहरा एक, नाव एक, पैशाचे वाटे दोन. बँड म्हणजे चार-पाच माणसं, प्रत्येकाची नोकरी वेगळी, तासावर भाड्याने घेतलेला जॅमपॅड, ड्रम किट, अ‍ॅम्प, गाडी. आलेल्या रुपयाचे पाच भाग. रीलच्या उभ्या चौकटीत पाच माणसं धड मावतसुद्धा नाहीत! गेल्या काही वर्षांत मराठी पॉपला आलेली भरती पाहिली तर हेच दिसतं. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर रीलमधून नाचलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच डान्स लेबलवरून आलं आणि मराठीवर हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा ठेका किती झकास बसतो ते मराठी न कळणाऱ्यांनाही कळलं. मला ही दोन्ही गाणी आवडतात. नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मराठी शब्द परक्या कानाला चालत नाहीत, हा जुना बहाणा त्यांनी कायमचा निकालात काढला. पण ही भरती बँडच्या होडीखाली आलेली नाही. तिच्यावर तरंगणारी माणसं एकेकटी किंवा दोघं-दोघं आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

ट्रेंडच्या मागे जायचं की नाही, हा वाद मग बँडच्या आत सुरू होतो. ठेका पहिल्या सेकंदापासून हवा, आठ मापांची गिटारची सुरुवात काढून टाक, धृपद आधी आण. यातल्या काही सूचना चांगल्याही असतात. पाल्हाळ लावणारे बँड मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि त्यांना कात्री लावणारं कुणीतरी भेटायला हवं होतं असं वाटलेलं आहे. पण बँडची मजा एका विशिष्ट गोष्टीत असते. ड्रम आणि बास एकमेकांना ओळखू लागतात, गिटार मागे सरकते, गाणारा एक ओळ मुद्दाम उशिरा घेतो. हे घडायला वेळ लागतो आणि ऐकणाऱ्यालाही थोडं थांबावं लागतं. वीस सेकंदांच्या तुकड्यात ते दिसत नाही, दिसतो फक्त पाच जणांनी मिळून बनवलेला एक बरा ठेका, जो एकटा माणूस लॅपटॉपवर जास्त स्वस्तात बनवतो. म्हणजे बँड त्याच्या सर्वात कमकुवत मैदानावर, सर्वात महागड्या फौजेनिशी लढतो.

बरं, हे मैदान तरी आपलं आहे का? २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. लाखोंनी जमवलेले चाहते एका रात्रीत गेले, ना त्यांचे नंबर हातात ना पत्ते. काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि सगळे पहिल्यापासून गोळा करायला लागले. २०२४च्या सुरुवातीला रेसो ही गाण्यांची सेवा इथून गेली, त्याच वर्षी विंक म्युझिकने गाशा गुंडाळला. दर वेळी बँडने आपली पाटी उचलून नव्या गल्लीत लावायची.

आता तर शेजारी वाजवणारी माणसं खरी आहेत का, हेही सांगता येत नाही. २०२५च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ नावाचा बँड काही आठवड्यांत स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाख श्रोत्यांपलीकडे गेला. लांब केसांच्या चार जणांचे फोटो, सत्तरच्या दशकातल्यासारखा रॉक. नंतर त्यांच्याच पानावर कबुली आली, की हे सारं एआयच्या मदतीने रचलेलं आहे. डीझर या फ्रेंच सेवेने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे रोज चढणाऱ्या गाण्यांपैकी अठ्ठावीस टक्के, म्हणजे तीस हजारांवर गाणी, पूर्णपणे यंत्राने बनवलेली असतात. सातत्य हीच स्पर्धा असेल तर ती यंत्र जिंकणार, त्याला जॅमपॅडचं भाडं नाही आणि सोमवारी ऑफिसही नाही.

मग करायचं काय? उत्तर शोधायला लंडन-न्यूयॉर्कला जायच्या आधी आपल्याच मुलखात फिरून यावं. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, फडमालकाशी बोलतात, सुपारी ठरते, तारीख वहीत चढते. फडाचा कार्यक्रम आधी कुठल्या गावात कसा झाला, ही त्याची जाहिरात. फडांची आजची हलाखी मला माहीत आहे आणि ती व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणत नाही. पण ठरलेली जागा, ठरलेला हंगाम आणि पैसे देऊन बोलावणारं गिऱ्हाईक, या तीन गोष्टी तिच्यात आहेत. भीमगीतांचंही तसंच. चैत्यभूमीला ६ डिसेंबरला जाणाऱ्यांनी शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल पाहिले आहेत. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या, पेनड्राइव्ह आले. रेडिओने आणि मोठ्या वाहिन्यांनी दखल घेवो न घेवो, गायन पार्ट्या एप्रिल-मे गाजवत राहिल्या, कारण जयंतीचा मंच त्यांचा होता. मुंबईतली बेंजो पथकं पाहा. वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स यांचे व्हिडिओ यूट्यूबवर धो-धो बघितले जातात, पण त्यांचा व्यवसाय त्या व्ह्यूजवर उभा नाही. तो हळदीवर आणि गणपतीच्या आगमनावर उभा आहे. व्हिडिओ म्हणजे दुकानाची पाटी, दुकान गल्लीत.

रॉकवाल्यांनाही हे कळलेलं आहे, फक्त मोजक्यांना. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडने २०१०मध्ये आपल्या नव्या अल्बमची गाणी महिन्याला एक या हिशेबाने इंटरनेटवर फुकट सोडली. त्यांची कमाई कार्यक्रमांतून होत होती, अल्बम हे कार्यक्रमाला बोलावणं होतं. ब्लडीवुड हाही दिल्लीचाच. यूट्यूबवर गमतीदार कव्हर्स करता करता स्वतःच्या गाण्यांवर आलेला हा मेटल बँड २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आला. पडद्याने त्यांना ओळख दिली हे खरं. बँड म्हणून ते मंचावर घडले.

मराठी बँडने कुठे घडायचं? मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरायचा तेव्हा विद्यार्थी लोकलने येत आणि तिकीट त्यांच्या खिशाला परवडे. आजूबाजूला रुग्णालयं आणि शाळा, परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि तिथला आवाज बंद झाला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, रुग्णाला झोप हवीच. पण त्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा शहराने दिली नाही. लोअर परळच्या मिलमधला ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब २००७ ते २०१६ असा चालला आणि मिटला. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाने एक पिढी घडवली, पण ते वर्षातले दोन-तीन दिवस. उरलं काय? कॉलेजांच्या स्पर्धा आणि बार. बारमालक सांगतो, ओरिजिनल्स, म्हणजे तुमची स्वतःची गाणी, दोनच घ्या, बाकी लोक गाऊ शकतील असं वाजवा. त्याचं बरोबर आहे, तो बिअर विकायला बसलाय. पण अकरावीतली मुलगी त्या दारातून आत जाऊ शकत नाही, तिचे आईवडील जाणार नाहीत, आणि इचलकरंजीत किंवा परभणीत असा बार शोधायचा कुठे? मराठीत गाणाऱ्याचा श्रोता तर तिथेच आहे.

त्याच परभणी-सांगली-नाशकात, ठाण्या-कल्याणात, पिंपरी-चिंचवडमध्ये सरकारी किंवा पालिकेच्या मालकीची नाट्यगृहं उभी आहेत. नाशिकचं कालिदास, ठाण्याचं गडकरी, पुण्याचं बालगंधर्व, डोंबिवलीचं फुले. नाटकासाठी एवढी रंगमंदिरं बांधणारं दुसरं राज्य शोधावं लागेल. त्यांच्या तारखांच्या वाटपावरून होणारी भांडणंही प्रसिद्ध आहेत, पण ती शनिवार-रविवारची. मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी यातल्या किती जागा अंधारात असतात ते कुणीही जाऊन बघावं. महिन्यातून अशी एक तारीख स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडसाठी, सवलतीच्या भाड्यात राखून ठेवा, एवढीच मागणी आहे. दोन किंवा तीन बँड मिळून एक संध्याकाळ करतील. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतली रात्री दहाची मर्यादा उघड्यावरच्या भोंग्यांना आहे, बंद सभागृहाच्या आतल्या ध्वनीला त्यातून सूट आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. म्हणजे कायदा आड येत नाही, रिवाज आड येतो.

अडचणी आहेत. आपल्या नाट्यगृहांची ध्वनियंत्रणा संवाद ऐकू यावेत म्हणून बसवलेली असते, तिच्यावर ड्रम आणि गिटारचं खरखरीत डिस्टॉर्शन सोडलं तर तिसऱ्या रांगेला चिखल ऐकू येईल. वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर, ड्रमचे माइक, जाणता साउंड इंजिनिअर हे बाहेरून आणावं लागेल, त्याचा खर्च आहे. खुर्च्या मोडक्या आहेत, प्रसाधनगृहांबद्दल न बोललेलं बरं. पण या तक्रारी नाटकवाले वर्षानुवर्षं करतच आहेत. नवा भाडेकरू आला तर तक्रारींना जोर येईल. नाटकवाल्यांना भीती वाटेल की आपल्या तारखा जातील. म्हणून शनिवार-रविवार मागायचेच नाहीत.

खर्चाचा मार्गही आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कार्यक्रम केले, तिकिटांसाठी देश वेडा झाला, आणि त्याच महिन्याअखेरीस भुवनेश्वरमध्ये पंतप्रधान ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’बद्दल, म्हणजे मोठ्या मैफलींवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेबद्दल, बोलले. याच कोल्डप्लेने त्या वर्षीच्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा तिथल्या छोट्या संगीतस्थळांना द्यायचं ठरवलं होतं. तिथली ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ ही संस्था मोठ्या कार्यक्रमांच्या दर तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांसाठी मागते, कारण एकट्या २०२३मध्ये तिथे अशा १२५ जागा बंद झाल्या. फ्रान्समध्ये तर गाण्याच्या कार्यक्रमांच्या तिकिटावर साडेतीन टक्के कर आहे आणि तो संगीतासाठीच फिरवला जातो. आपल्याकडे स्टेडियमच्या तिकिटावर फक्त वीस रुपये घेतले तर पन्नास हजारांच्या एका कार्यक्रमातून दहा लाख येतात. एखाद्या जिल्ह्यातल्या वर्षभराच्या अशा संध्याकाळींना त्यातून साउंडचं भाडं सुटावं. हजारोंचं तिकीट काढणाऱ्याला वीस रुपये जड जाणार नाहीत.

एका गोष्टीचा मात्र मला धसका आहे. सरकारी मदत आली की सरकारी कान येतो. या राज्यात नाटकाची संहिता अजूनही परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. बँडच्या शब्दांवरही तसाच शिक्का बसू लागला तर असली तारीख नको. म्हणून अनुदान, पुरस्कार, निवड समिती यातलं काही मागू नये. अर्ज करणाऱ्यांतून चिठ्ठी टाकून तारीख द्यावी, भाडं आगाऊ घ्यावं, आणि पालिकेने ध्वनियंत्रणेच्या वायरी तपासण्यापलीकडे गाण्यात लक्ष घालू नये. वाईट बँडनाही तारीख मिळेल. मिळू दे. वाईट नाटकांनाही मिळते.

लोक येतील का? पहिल्या वर्षी फारसे नाही. आठशे खुर्च्यांत साठ माणसं बसलेली बघणं गाणाऱ्याला क्रूर वाटतं, म्हणून सुरुवात छोट्या सभागृहांपासून करावी किंवा प्रेक्षकांना सरळ मंचावरच बसवावं, प्रायोगिक नाटकवाल्यांनी हे केलेलं आहे. बँडनाही काही सवयी सोडाव्या लागतील. दर महिन्याच्या पोस्ट ‘बूस्ट’ करण्यात जाणारे पैसे गाडीभाड्याला वळवावे लागतील. दारात उभं राहून येणाऱ्याचं नाव, गाव आणि फोन नंबर त्याच्या परवानगीने वहीत लिहून घ्यावा लागेल. ही वही कुठली कंपनी बंद करू शकत नाही. रील बनवा, जरूर बनवा, पण त्याच्याखाली ‘लिंक बायोमध्ये’ असं लिहिण्याऐवजी ‘बुधवारी, सात वाजता, कालिदास, तिकीट दोनशे’ असं लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी आधी कालिदासच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर अर्ज जायला हवा, आणि तो एका बँडचा नव्हे, शहरातल्या सगळ्या बँडनी मिळून केलेला हवा. एकेकट्याला ‘ऑर्केस्ट्रा आहे का?’ असं विचारून परत पाठवणं फार सोपं असतं.